राईचा पर्वत आणि रोमन मातीचा ढीग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३० वर्षे मुद्रितं तपासली. ‘इलॅबरेट’साठी कुणी ‘पाल्हाळ लावणे’ लिहिलं की माझी पेन्सिल अडायची. ‘इलॅबरेट’ हा इंग्रजी शब्द लॅटिन ‘लाबोर’, म्हणजे कष्ट, यातला. ‘एलाबोरारे’ म्हणजे घाम गाळून घडवणं. पाल्हाळाला कसले आलेत कष्ट? ते वाचणाऱ्यालाच पडतात.

‘एक्स्पांड’ सरळ आहे. त्यातल्या ‘पांदेरे’चा अर्थ पसरणं, आणि आपल्या ‘विस्तार’मधल्या ‘स्तृ’ धातूचाही तोच.

खरी गंमत ‘एक्झॅजरेट’ची. रोमन सैनिक छावणीभोवती खंदक खणत आणि निघालेली माती आतल्या बाजूला रचत. तो बांध म्हणजे ‘आग्गेर’. त्यावरून ‘एक्साग्गेरारे’, म्हणजे ढीग रचणं. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला, तेव्हाही आधी ढिगाचाच अर्थ घेऊन. अतिशयोक्ती मागून आली. म्हणून त्याला नुसतं ‘वाढवून सांगणे’ मला फिकं वाटतं. ‘राईचा पर्वत करणे’ चपखल बसतं, ढिगासकट!

‘ऑक्शन’ आणि ‘ऑथर’ही भावंडंच, दोघांचं मूळ ‘आउगेरे’, वाढवणं. लिलावात बोली वाढते. आणि लेखक शब्दमर्यादा का पाळत नाहीत, तेही मला निवृत्तीनंतर उमगलं.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक