पापणीवरची गाठ गोठवण्याआधी

बेळगाव

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

खानापूरच्या त्या आजींच्या खालच्या पापणीवरची गाठ द्रव नायट्रोजननं गोठवून मारता येईल का, असं तू विचारलंस. येईल, पण आधी तुकडा तपासायला पाठव. चकाकती कड, मधे उघडी जखम, तिथले केस झडलेले, एवढ्यावर बेसल सेल कार्सिनोमा (कातडीचा सावकाश वाढणारा कॅन्सर) म्हणून मोकळी होऊ नकोस. आपल्याकडे तेलग्रंथींचा कॅन्सरही बऱ्यापैकी दिसतो आणि बरी न होणारी रांजणवाडी समजून लोक महिनोन् महिने मलम लावत बसतात. तो तुटक तुटक पसरतो, त्यामुळे त्याला गोठवण्याच्या भरवशावर सोडायचं नाही.

माझ्या मते पहिला मान शस्त्रक्रियेचाच. कापलेल्या तुकड्याच्या कडा तपासता येतात. गोठवलेली गाठ जागेवरच मरते, कड साफ झाली का हे सांगणारं काही हाती उरत नाही. म्हणून गाठ १ सेंटिमीटरच्या आत, कडा स्पष्ट, हाडाला न चिकटलेली आणि रुग्णाला ऑपरेशन झेपणार नसेल, तरच गोठवण्याचा मार्ग. नाकाकडच्या कोपऱ्यात मात्र त्याचा एक मोठा फायदा आहे: अश्रुनलिका सहसा शाबूत राहते.

भूल अॅड्रेनॅलिन घातलेल्या लिग्नोकेनची दे. अॅड्रेनॅलिननं रक्तपुरवठा मंदावतो, आणि तो मंदावला की गोठणं लवकर होतं, वितळणं सावकाश. डोळ्यात बधिर करणारे थेंब, मलम आणि त्यावर प्लास्टिकची ढाल. धातूची नको, ती थंडी थेट बुबुळापर्यंत नेते. तापमान मोजणारी सुई गाठीच्या तळाशी खुपसून ठेव. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असला तरी तळाशी उणे ४० ते ५० झाल्याशिवाय थांबू नकोस, आणि बर्फाची पांढरी कड गाठीबाहेर ५ मिलिमीटर जाऊ दे. मग आपोआप वितळू दे, शेक द्यायचा नाही. सावकाश वितळतानाही पेशी फुटतात. कडेचा पांढरेपणा मिनिटभराच्या आत ओसरला तर थंडी खोल गेलेली नाही. पूर्ण वितळल्यावर पुन्हा एकदा गोठव.

नातेवाईक म्हणतील, गुरांच्या दवाखान्यात रेतनाच्या कांड्या ठेवायला हाच नायट्रोजन असतो, कापसाच्या बोळ्यानं लावून टाका. ठाम नकार दे. बोळ्यानं वरचं वर मरतं आणि खाली गाठ वाढत राहते.

दुसऱ्या दिवशी डोळा सुजून मिटेल, फोड येईल, पाणी गळेल, हे आधीच सांगून ठेव, नाहीतर घरचे घाबरतील. खपली पडून जखम भरायला ४ ते ६ आठवडे लागतात. तिथले केस बहुधा परत येत नाहीत, सावळ्या कातडीवर पांढरा डाग राहतो, पापणीला खाचही पडू शकते. संमतिपत्र कन्नडमध्ये असलं तरी हे सगळं आजींना मराठीत वाचून दाखव आणि मगच अंगठा घे.

पहिल्या वर्षी दर ३ महिन्यांनी बोलव, पुढे निदान ५ वर्षं. नुसतं बघू नकोस, पापणी चिमटीत धरून चाचप. परत आलेली गाठ व्रणाच्या खाली दडून वाढते. शंका आली की पुन्हा तुकडा, पुन्हा गोठवणं नाही.

तुझी,
आई