ताईला, मलांगहून

प्रिय ताई,

तुझ्या वर्गातल्या त्या पोरीचं वाचून दोन दिवस डोक्यातून जाईना, आई सोडून गेलेली आणि बाप पिऊन पडलेला, म्हणून म्हटलं इथल्या एक बाई अशा पोरांना कसं सांभाळतात ते जरा सविस्तरच लिहावं.

इथे इंडोनेशियात धर्म हा शाळेत सक्तीचा विषय आहे, आणि 2003 च्या शिक्षण कायद्याप्रमाणे ज्याचा जो धर्म त्याला त्याच धर्माचे शिक्षक. आमच्या शेजारच्या बाई सरकारी शाळेत सातवी ते नववीला इस्लाम शिकवतात, पोरं त्यांना बू गुरू म्हणतात, म्हणजे आपल्याकडच्या बाई. घटस्फोट झालेल्या घरातली पोरं त्यांच्याकडे बरीच, शिवाय कुणाकुणाच्या आया हाँगकाँग नाहीतर तैवानला घरकामाला गेलेल्या आणि पोरं आजीजवळ, आपल्या बीडच्या ऊसतोडीवाल्यांच्या पोरांसारखीच गत गं.

आठवीतला एक पोरगा सकाळच्या दुहाच्या नमाजाला रोज उशिरा यायचा, मागे बसून पेंगायचा. बाईंनी चारचौघात कधी झापलं नाही, संध्याकाळी स्कूटर काढून सरळ त्याच्या घरी गेल्या, तेव्हा कळलं की पहाटे आजीबरोबर बाजारात टेम्पे, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या वड्या, विकायला बसतो. मग त्यांनी सकाळची सूट दिली आणि दुपारच्या नमाजाची अजान त्याच्याकडे सोपवली, आता पोरगा एक दिवस दांडी मारत नाही.

आईवडिलांचा मान ठेवा हा धडा आला की अशी पोरं मान खाली घालतात ना, तर बाई आधी मुहम्मद पैगंबरांचं लहानपण सांगतात. वडील जन्माआधीच गेले, आई सहाव्या वर्षी, मग आजोबांनी आणि नंतर काका अबू तालिबांनी वाढवलं. मग कुराणातली दुहा सूरा, म्हणजे दुहा नावाचा अध्याय, घेतात, पोरक्यावर जुलूम करू नका असं त्यात सांगितलंय. आणि दुआ मागायची ती आईबापाबरोबर ज्यानं जेवू घातलं त्याच्यासाठी पण, मग ती आजी असो की मावशी. आईबापाला मात्र पोरासमोर एका शब्दानं नावं ठेवत नाहीत, हे मला फार पटलं.

नमाजानं सगळं सुटतं असं त्या अजिबात म्हणत नाहीत हं. एका मुलीनं जेवणच टाकलं होतं तेव्हा त्याच दिवशी तिला शाळेच्या समुपदेशकाकडे घेऊन गेल्या, क्लासटीचरला पण सांगितलं.

तू त्या पोरीला परिपाठात सुविचार सांगायचं काम देऊन बघ ना. आणि तिच्या घरी एकटी जाऊ नको, पिणाऱ्या माणसाचं काही सांगता येत नाही, अंगणवाडीच्या बाईंना बरोबर ने. काय झालं ते कळव, आणि आईच्या गुडघ्याचा एक्सरे काढला का ते पण लिही.

तुझी,
पमी