अप्पा, तो फॉर्म मी भरणार नाही

ती. अप्पा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

पाकीट बघून घाबरू नका, इकडे सगळे बरे आहेत. फोनवर हा विषय काढला की अप्पा "बरं, बरं" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात, म्हणून लिहायला बसले.

अप्पा, दिवाळीला तुम्ही बंदुकीच्या लायसन्सच्या वारसाचा फॉर्म माझ्या बॅगेत शेंगाचटणीच्या डब्याखाली घालून दिलात. त्याला तेल लागलंय, पण कारण ते नाही. तो फॉर्म मी भरणार नाही. दादानं "बघू की" म्हणत दोन वर्षं काढली, मला तसं झुलवत ठेवायचं नाही. आबाआजोबांची दुनळी बंदूक माझ्या नावावर करायची नाही, हे ठरलंय. लगेच ताटावरून उठू नका, पुढचं वाचा.

नियम तुम्हीच मला समजावलेत. धारकानं सत्तरी गाठली किंवा बंदूक 25 वर्षं बाळगली, की त्याच्या हयातीतच वारसाला लायसन्स मिळू शकतं. तुमचं दोन्ही झालंय, मान्य. पण इथे दोन खोल्यांचा फ्लॅट, कपाटं दोन आणि दोन्हींच्या किल्ल्या फ्रिजवर. मनू तेरा वर्षांची, तिच्या मैत्रिणी घरभर. शिवाय दर निवडणुकीला बंदूक पोलीस ठाण्यात जमा करा, परत आणा. 2024 आठवतंय ना? लोकसभेच्या आचारसंहितेत एकदा, विधानसभेला पुन्हा. पहिल्या खेपेला तुम्ही हट्टानं चादरीत गुंडाळून, पायी, भर उन्हात निघालात आणि वाटेत चक्कर येऊन पानपट्टीच्या बाकड्यावर बसलात. मला ते आठ दिवसांनी कळलं. आई, तुझ्यावरचा तो राग अजून गेलेला नाही.

कारणं जास्त होतायत, मलाच कळतंय. खरं सांगते. दिवाळीत तुम्ही बंदूक पुसायला काढलीत. आधी उघडून नळ्या रिकाम्या बघितल्यात, मग फडक्याला तेल, सगळं नेहमीसारखं. पण नळी दस्त्याला परत बसवताना उजवा हात थरथरला. तीनदा. चौथ्यांदा खटका बसला. मी पाणी आणते म्हणून आत गेले ना, ते पाण्यासाठी नव्हतं.

त्या हातानं मला गड्ड्याच्या जत्रेत नेम शिकवला. होम मैदानावर फुग्यांच्या स्टॉलसमोर मी बाकड्यावर उभी, दस्ता माझ्या खांद्यापेक्षा मोठा, तुमचा तळवा माझ्या पाठीवर. "श्वास अर्धा सोड. आता थांब. चाप ओढायचा नाही, दाबायचा." स्टॉलवाल्यांच्या बंदुकीची माशी, नळीच्या टोकाची नेम धरायची खूण, वाकडी असते, म्हणून पहिला छर्रा फुग्यावर मारायचाच नाही, फळीवरच्या डागावर मारायचा आणि तो किती डावीकडे जातो ते बघायचं. "पहिला छर्रा बंदुकीचा, दुसऱ्यापासून आपले." ही आबांची शिकवण. दहात नऊ फुगे फुटले की स्टॉलवाला तोंड वाकडं करून कंगवा द्यायचा. आपल्या घरात कंगवे कधी विकत आणले नाहीत, त्याचं कारण हेच.

आबांबद्दलच्या दोन गोष्टी मात्र एकमेकींशी जुळत नाहीत. तुम्ही म्हणता, त्यांनी नान्नजच्या माळावर माळढोक दोनदा समोर बघितला आणि दोन्ही वेळा बंदूक खाली ठेवली. आत्या म्हणते, दुसऱ्या वेळी काडतुसं संपली होती. मला आत्याचं खरं वाटतं. पण 1972 ला वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, तोच दुष्काळाचा काळ. त्यानंतर त्यांनी तितरालासुद्धा हात लावला नाही, यावर दोघांचं एकमत आहे. मग बांधावर करवंट्या मांडून नेम. एक करवंटी, एक काडतूस, बस्स. काडतूस महाग आणि आबा चिकट.

आता मनूचं ऐका. जूनपासून ती रायफल क्लबला जाते, 10 मीटर एअर रायफल. तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण पोरगी महिन्याभरात कंटाळेल असं वाटलं होतं. नाही कंटाळली. तिथला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, अप्पा! आपल्या शाईपेनाच्या टिंबाएवढा. पहिल्या आठवड्यात घरी येऊन म्हणाली, "आई, स्पर्धेत मोजणी सुरू व्हायच्या आधी तयारीला पंधरा मिनिटं मिळतात. त्यातले छर्रे धरत नाहीत, ते नुसते बंदूक कुठे मारते ते बघायला." मी भाकरी थापत होते, ती तव्यावरच करपली. आबा शाळेत चौथीपुढे गेले नव्हते हो.

स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकला नेमबाजीत ब्राँझ घेतलं, त्या दिवशी तुम्ही मला तीन फोन केलेत. "451.4! आणि वर चढला ते उभ्यानं मारताना. उभं राहून मारायचं तेच खरं." मनू उभ्यानंच मारते. तिला शिकवायला तुमचा हात स्थिर लागत नाही, तुमचा तळवा तिच्या पाठीवर असला की झालं.

म्हणून आता ऐका, आणि या वेळी खरंच ऐका. संक्रांतीआधी मी दोन दिवस रजा काढून येते. बंदूक रीतसर जमा करायची की लायसन्सवाल्या डीलरला द्यायची, ते तुम्ही ठरवा, सही तुमचीच आहे. कागद घेऊन मी तुमच्याबरोबर येईन, रिक्षानं. एकट्यानं जायचं नाही. काडतुसांचा चामडी पट्टा मात्र मला हवा आहे, तो कुणाला देऊ नका. मोतीबिंदूच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख घ्या, उन्हाळ्यावर ढकलू नका. बीपीची गोळी सकाळी, चहाच्या आधी नाही, नंतर. आई, गुडघ्याचा पट्टा ट्रंकेत ठेवायला दिलेला नाही. गच्चीवर जाऊन शेंगा वाळवणं बंद. माझी शेंगाचटणी मात्र बंद करू नकोस.

मनूही येणार आहे. सिद्धेश्वराच्या अक्षता सोहळ्याला गर्दीत नको, पण नंतर एका संध्याकाळी तिला गड्ड्यावर न्या. क्लबच्या चांगल्या रायफलीची सवय झालीय तिला, वाकडी माशी बघू दे जरा.

आणि शेवटचं. बंदुकीबरोबर काडतुसांचाही हिशोब द्यावा लागेल. दोन शिल्लक, आणि ती सापडत नाहीत म्हणून वर्षभर तुम्ही डोकं धरून बसता, "माझं विसरणं वाढलंय" म्हणता, डॉक्टरांनाही तेच सांगितलंत. अप्पा, तुम्ही विसरला नाहीत. तुम्ही ती कपाटातच ठेवली होतीत. रात्री कुत्री भुंकली की तुम्ही बंदूक घेऊन दारात उभे राहायचात, त्या दिवसांत आईनं ती काढली. दिवाळीत भाकरीचं पीठ संपलं, मी ज्वारीच्या डब्यात हात घातला आणि तळाशी फडक्यात बांधलेली दोन्ही हाताला लागली.

आईला काही बोलू नका. आई, ज्वारी दळायला द्यायच्या आधी तेवढी काढून ठेव.

तुमची,
बेबी