पहिला भाव कोण बोलतो?

संपादक महोदय,

निपाणी भागात तंबाखूचा व्यापारी दारात येतो आणि माल नीट पाहण्याआधीच पडता भाव बोलून टाकतो. मग सगळी घासाघीस त्याच आकड्याभोवती फिरते. चार रुपये चढले की घरात आनंद! खुरपणीची मजुरी, खत, पाणी यांचा हिशेब राहतोच बाजूला.

ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली मांडलेला प्रयोग पाहा. संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के, असा प्रश्न होता. त्याआधी लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं. १० आकडा आलेल्यांचा अंदाज २५ टक्क्यांच्या आसपास, ६५ आलेल्यांचा ४५ च्या. चक्राचा उत्तराशी काडीचाही संबंध नव्हता, तरी आधी दिसलेल्या आकड्याने अंदाज आपल्याकडे ओढला! व्यापाऱ्याचा पहिला भाव हेच करतो.

माझी आई शाळेत गेली नाही, पण सौद्याआधी किलोमागचा खर्च मांडून ठेवायची आणि भाव स्वतःच आधी बोलायची. गावोगावच्या तरुण शेतकऱ्यांनी यंदाच्या सौद्यात एवढं तरी करावं.

– एक तंबाखू उत्पादक, निपाणी (जि. बेळगाव)