वरची रेघ

शहापूर, बेळगाव
रविवार, दुपार

प्रिय सुऱ्या,

तू चिडलायस हे बंड्याकडून कळलं. चिड की. फोन उचलत नाही, मेसेजला नुसता अंगठा दाखवून मोकळा होतो, सगळं खरं. पण मर्दा, आमच्याकडे हल्ली फोन वाजला की तो बंद करायला घरातली चार माणसं चार दिशांनी धावतात. म्हणून लिहितोय. लिहिण्याचा आवाज होत नाही.

तब्येती बऱ्या. अण्णांचा गुडघा आहे तसाच. आईची साखर तपासली, ठीक. शुभाचे टाके सुकले, डिंकाचे लाडू खाऊन वैतागलीय. पोरगी मजेत आहे, फक्त दिवसा. झालं, तब्येती संपल्या.

आता मुद्द्याचं. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर खुळ्यात काढतील. शुभाला सांगितलं, तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘बरं, तिचे लंगोट वाळलेत का बघ.’

पुण्याच्या टीमची मीटिंग होती. वेबसाइटची पानं बनवणारं नवीन एआय टूल दाखवायचं होतं. टीम लीडनं चार ओळी टाइप केल्या आणि बघता बघता अख्खं पान उभं. बियाणं विकणारं गिऱ्हाईक आहे, म्हणून मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी तिन्ही पानं. वर मोठं चित्र, खाली तीन पेट्या, बटणं, मोबाइलवर पण व्यवस्थित. सगळे वा वा करालेत, आणि मी बघतोय तर मराठी मथळ्याची वरची रेघ तुटलेली. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द, त्यात अक्षरागणिक फट. मी माइक सुरू केला आणि सांगितलं. क्षणभर कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाला, ‘सर, ती स्टाइल आहे.’ लीड म्हणाला, ‘युजरला काय फरक पडतो?’ आणि पुढची स्लाइड.

मला तिथंच आपले पाट्या-पत्रिकावाले काका दिसले. चष्मा कपाळावर, हातात लग्नपत्रिकेचं प्रूफ, आणि तोंडात ते ठरलेलं: ‘रेघ तुटली तर कार्ड परत येतं.’ आणि आपण दोघं त्यांच्या त्या खुराड्यात, मराठी टायपिंगच्या श्री-लिपीच्या की-बोर्डाचा तक्ता भिंतीवर लावून बसलेलो.

तुला माहीत असलेलंच परत सांगतो, कारण कुणाला तरी सांगायचंच आहे. देवनागरीत प्रत्येक अक्षर आपल्या डोक्यावरचा रेघेचा तुकडा स्वतःबरोबर आणतं. शेजारचा तुकडा त्याला भिडतो म्हणून ती सलग दिसते. लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, जरासं वाढवलं की तुकडे सुटले. इंग्रजीत ही चैन चालते: छोटं शीर्षक कॅपिटलमध्ये करायचं, अक्षरं थोडी लांब लांब ठेवायची, झालं भारी. आपल्याकडे कॅपिटल नाहीतच. म्हणजे त्या नक्षीतला अर्धा भाग आपोआप गळतो आणि राहतात नुसत्या फटी. तुझ्या लाडक्या टेलविंडमध्ये, पानाच्या सजावटीच्या तयार नियमांच्या त्या संचात, त्याला तयार क्लासच आहे, ट्रॅकिंग-वाइड. मशीननं तोच उचललेला.

ओळींच्या उंचीचं तर विचारू नको. तिथला लीडिंग-टाइट म्हणजे ओळीची उंची अक्षराच्या मापाच्या फक्त १.२५ पट. इंग्रजी मथळ्याला शोभतं. मराठीत दोन ओळी झाल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतात, आणि पेटीला ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे बाहेर आलेलं लपव, असं सांगितलेलं असेल तर वरची वेलांटी सरळ छाटली जाते. कन्नडचं पान उघडलं तर तिथं खालून कापलेलं. त्यांची ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातली दुसरी अक्षरं, खाली लोंबतात ना, ती अर्धी गायब. १९५६ पासून ज्यांचं कशावर एकमत झालं नाही, त्या दोन्ही बाजूंनी निदान लाइन-हाइटवर एक संयुक्त मोर्चा काढायला हरकत नाही. चन्नम्मा चौकापासून सुरू करू. तू घोषणा लिही, मी मार्जिन सांभाळतो.

उपाय तरी काय मोठा आहे? भाषा मराठी असेल तर लेटर-स्पेसिंग नॉर्मल, लाइन-हाइट १.६. भाषा बघून नियम लावणारा लँगचा सिलेक्टर सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे. पण त्यासाठी पान मराठी आहे हे पानावर लिहिलेलं असावं लागतं. मशीननं तिन्ही पानांवर ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी, टाकून ठेवलेलं. त्यामुळं ज्या फॉन्टात मराठीचे ल आणि श वेगळे दिलेत, तिथंसुद्धा ते न येता हिंदी वळणाचे आले. अण्णांनी हातावर पट्टी मारून शिकवलेला ल, सुऱ्या! आणि तुझ्या नावातला ऱ्य? तो तेवढा बरोबर आला. काका नवीन फॉन्ट आला की पहिल्यांदा ‘सुऱ्या’ टाइप करून बघायचे, आठवतंय? दहातल्या निम्म्या फॉन्टांत तुझा सूर्य व्हायचा.

तू आता म्हणशील, चार ओळींचा बग आहे, तिकीट टाक आणि गप्प बस. टाकलं. बंदसुद्धा झालं. ‘लो प्रायॉरिटी’. माझी झोप बगनं उडालेली नाही. (झोप कुणी उडवलीय ते पाळण्यात आहे.)

ते पान मी आईला फोनवर दाखवलं. काही न सांगता. ती वाचायला लागली, मध्येच थांबली आणि म्हणाली, ‘हे असं तोतरं का लिहिलंय रे?’ बघ. सातवी शिकलेली बाई. पुण्याच्या त्या मीटिंगमध्ये इंजिनिअरांचा ढीग होता.

तेव्हापासून डोक्यात चक्र फिरतंय. आमच्या पोरीच्या डोळ्यांसमोर मराठी अक्षर येणार कुठून? आपण लहानपणी शाळेत जाता जाता काकांनी रंगवलेल्या पाट्या वाचत जायचो. अमुक क्लॉथ, तमुक भांडी भांडार. आता खडेबाजारात काकांच्या हातची पाटी शोधावी लागते. २०२४ पासून दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड सक्तीचं झालंय. त्यावर मी भांडणार नाही, ते काम करायला गल्लीत पुरेसे लोक आहेत. आणि तशाही पाट्या आता रंगवत कोण नाही, फ्लेक्स छापतात. शाळेचं म्हणशील तर अण्णा मराठी म्हणतात, शुभा इंग्रजी. दोन्हीकडे कन्नड येणारच, आणि यावंच. रुद्रव्वा रोज न्हाऊ घालताना पोरीशी कन्नडच बोलते, आणि पोरगी पहिल्यांदा हसली ती तिच्याकडे बघून. मी तिथंच टॉवेल घेऊन उभा होतो, माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

म्हणजे उरलं काय? घरातलं बोलणं आणि हातातला स्क्रीन. तिचं मराठी वाचन बहुतेक काचेवरच होणार. आणि त्या काचेवर जे येणार ते मशीन लिहिणार, आणि तपासणाऱ्याला मराठी येत असलं तरी त्याची नजर रेघेवर जाणार नाही. मग तुटकी रेघ हीच तिला खरी वाटणार. तिला चुकीचं दिसणारच नाही, हे मला जास्त खुपतंय. अण्णा याला ‘बापाचं खूळ’ म्हणतात. पोरगी अजून मान धरत नाही आणि मी तिच्या शिरोरेषेची काळजी करालोय.

गंमत पुढंच आहे. पुढच्या महिन्यापासून माझं काम बदलतंय. पानं मशीन करणार, मी तपासणार. पगार तोच. सगळे म्हणतात नशीबवान आहेस, डोक्याला ताप नाही. मला कळत नाही, सुऱ्या. पानाला हात लावायचा नाही, लांबून बघून शेरे मारायचे. लग्नाच्या हॉलच्या स्टेजसारखं वाटतं ते पान: समोरून झगमग, मागं गेलास की बांबू, सुतळी आणि कुणी कशाला बांधलंय ते कुणालाच माहीत नाही. एकाच बटणाला तीन ठिकाणी तीन वेगळे निळे. डीआयव्हीच्या, म्हणजे नुसत्या डब्याच्या, आत डीआयव्ही, त्याच्या आत डीआयव्ही. चालतं मात्र. हीच त्यातली वाईट गोष्ट आहे, चालतं.

इथं तू आंबोलीचं भांडण काढणार, म्हणून मीच काढतो. धबधब्यापाशी कणीस खात तू म्हणालास, ‘सीएसएस म्हणजे काय प्रोग्रॅमिंग आहे काय? रंगरंगोटी ती.’ मी सावंतवाडीपर्यंत बोललो नाही. अजून माझं मत तेच आहे. तुम्हा लोकांना फ्लोटचा, म्हणजे डबे डावी-उजवीकडे ढकलून पान मांडायचा, काळ भोगायला लागला नाही म्हणून बोलता. आयई सिक्स या जुन्या ब्राउझरमध्ये फ्लोट केलेल्या डब्याचा मार्जिन दुप्पट व्हायचा आणि आम्ही डिस्प्ले इनलाइन लिहून त्याला गप्प बसवायचो. मग २०१७ च्या मार्चमध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी, तिन्हींत एकाच महिन्यात ग्रिड, म्हणजे पान चौकटींत मांडायची सोय, आलं. पंधरा वर्षं जे लटपटी करून करत होतो ते दोन ओळींत. त्या दिवशी मी तुला फोन केलेला आणि तू म्हणालास, ‘बरं मग?’ हे मी विसरलेलो नाही.

आणि आता तर सीएसएस इतकं चांगलं झालंय की रडू येतं. हॅज, कंटेनर क्वेरी, नेस्टिंग, ज्या सोयींसाठी आधी खटपट करायला लागायची त्या सगळ्या ब्राउझरातच आल्या. नेमकं हे सगळं हाताशी आल्यावर म्हणतात, हात लावू नको.

बापपणानं एक मात्र झालं. माझं काम तुकड्यांचं झालंय. पोरगी डाव्या हातावर, उजव्या हाताचा अंगठा मोकळा, आणि ती उठेपर्यंतचा वेळ आपला. असल्या वेळात साधी एचटीएमएलची फाइल आणि एक स्टाइलशीट एवढंच परवडतं. उघडली, दोन नियम बदलले, मिटली. ऑफिसचा प्रोजेक्ट उघडला तर एनपीएम इन्स्टॉल, म्हणजे त्याला लागणारं सामान उतरवून घेणं, संपायच्या आत पोरगी उठते. शिवाय एका अंगठ्यानं फोन वापरायला लागल्यापासून कळालंय, लोक महत्त्वाचं बटण वरच्या कोपऱ्यात ठेवतात ते फुरसतीतले लोक असतात. रात्री अंधारात औषधाचं पान उघडलं की पांढरा झोत तोंडावर, पोरगी जागी. डार्क मोड ओळखणारा सीएसएसचा नियम, मीडिया क्वेरी, कधीचाच आहे, पण लिहिणार कोण?

त्यापेक्षा आमचं तायी कार्ड बघ, कन्नडमध्ये तायी म्हणजे आई, आई-बाळाचं सरकारी कार्ड. कागदाचं. जन्माच्या बीसीजीपासून सहा, दहा, चौदा आठवडे आणि पुढं नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलापर्यंत सगळ्या लसी एका तक्त्यात. सिस्टर पेननं तारीख टाकते, एक नजर फिरवते आणि सांगते, पुढच्या वेळी कधी. लॉगिन नाही, लोडर फिरत नाही. मी ते शुभाला कौतुकानं दाखवालो होतो, तर ती म्हणाली, ‘त्यावर डाग पाडू नको.’

बंड्याचं म्हणणं, सोड सगळं, टिळकवाडीत गाळा बघू, आपलं आपण काम करू. उद्यमबागेतले फौंड्रीवाले आहेत, वडगाव-खासबागचे साडीवाले आहेत, सगळ्यांना साइट पाहिजे, तीही तीन भाषांत. पाहिजे खरी, पण पैसे ‘गणपतीनंतर बघू’, आणि गणपतीनंतर दिवाळी येते. घराचा हप्ता मात्र पाच तारखेला येतो. हे पोरगी व्हायच्या आधी केलं असतं तर गोष्ट वेगळी. आता मला तेवढी हिंमत नाही, आणि नाही याची लाजही वाटत नाही.

म्हणून उद्या लीडला असं सांगायचं ठरवलंय: तपासतो, पण मराठी आणि कन्नड पानांवर माझी सही झाल्याशिवाय ती बाहेर जायची नाहीत. कन्नडसाठी हुबळीची एक मुलगी टीममध्ये आहे, तिच्याशी बोललो. ओत्तक्षरांवरून ती माझ्याहून जास्त तापलेली निघाली. दोघांनी मिळून शब्दांचं एक पान केलंय, प्रत्येक साइट त्यातून गाळून काढायची. रफार, वेलांटी, ऱ्य, ऱ्ह, ळ, क्ष, ट्ट, सगळं असलेले शब्द. खरं सांगायचं तर त्यातली जोडाक्षरांची यादी मी त्या मशीनकडूनच काढून घेतली, आणि मशीननं ती चांगली दिली. मशीनशी माझं वैर नाही. बघणाऱ्या माणसाशी आहे.

आता तू सांग, कारण तू हल्ली खुर्चीच्या त्या बाजूला बसतोस. तुझ्या टीममध्ये असा एखादा रेघेवरून अडून बसणारा माणूस असेल तर तू त्याला ठेवशील का? माझ्यासाठी गोड लिहू नको. उद्या बोलण्याआधी कळलं तर बरं, नाही कळलं तरी मी बोलणारच आहे.

तुझ्या नव्या फ्लॅटची किल्ली मिळाली म्हणे, अभिनंदन. वहिनींची बदली झाली का? आणि पाठीचं बघ जरा, खुर्ची बदल. काकूंना नमस्कार. त्यांना म्हणावं, काकांची शब्दांची वही सापडली तर पानांचे फोटो काढून पाठवा.

बारसं पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी, घरीच. नाव आत्ताच सांगत नाही, आत्याचा हक्क आहे. एवढंच सांगतो की त्यात जोडाक्षर आहे, आणि मी ते सगळ्या फॉन्टांत टाकून बघितलंय.

तुझा,
सच्या

ता. क. येताना पुण्याहून काही आणू नको, बाकरवडी तर अजिबात नको, इथं कुणी खात नाही. कुंदा किती किलो बांधायचा ते मात्र आधी कळव. मागच्या वेळी तुझ्या ऑफिसला दिलेला तू ट्रेनमध्येच संपवलास हे बंड्यानं सांगितलंय.