डार्लिंग्टनच्या शर्यतीविषयी मित्रास पत्र

शार्लट,
सप्टेंबरचा पहिला आठवडा

प्रिय अनिल,
सप्रेम नमस्कार.

एकाच ट्रॅकवर तासन्‌तास फिरणाऱ्या मोटारी पाहायला मी दरवर्षी साउथ कॅरोलायनातल्या डार्लिंग्टनला का जातो, असे तू विचारले होतेस. 'सदर्न ५००' या शर्यतीचा इतिहास सांगितल्याशिवाय त्याचे उत्तर देता येणार नाही.

हॅरॉल्ड ब्रॅसिंग्टन या स्थानिक माणसाने इंडियानापोलिसची ५०० मैलांची प्रसिद्ध मोटारशर्यत पाहिली आणि त्याच धर्तीवर एक डांबरी ट्रॅक आपल्या गावी बांधायचे ठरवले. ज्यांची जमीन त्याने घेतली, त्या शर्मन रॅम्से यांची अट एकच होती : पश्चिमेकडचे मासळीचे तळे बुजवायचे नाही. त्या तळ्यापायी एक टोक निमुळते ठेवावे लागले आणि ट्रॅक अंड्याच्या आकाराचा झाला. आजही एका टोकाच्या वळणांसाठी केलेली गाडीची जुळवणी दुसऱ्या टोकाला मानवत नाही, आणि बाहेरच्या भिंतीला जवळजवळ खेटून गेल्याशिवाय वेग साधत नाही; त्यात गाडीची उजवी बाजू खरवडली जाते, त्या ओरखड्याला 'डार्लिंग्टनचा पट्टा' म्हणतात.

४ सप्टेंबर १९५० रोजी, तिकडच्या कामगार दिनी, पहिल्या शर्यतीत ७५ गाड्या उतरल्या. तोवर 'नॅस्कार'चे, म्हणजे या मोटारशर्यती भरवणाऱ्या अमेरिकी संस्थेचे, चालक प्रामुख्याने मातीच्या ट्रॅकवर वाढलेले. डांबरावर ५०० मैल धावताना टायर किती झिजतील, याचा त्यांना अंदाज नव्हता. जड, वेगवान गाड्यांचे टायर एकामागून एक फुटत गेले. इंडियानापोलिसचा अनुभव असलेला जॉनी मँट्झ मात्र प्लिमथ या हलक्या गाडीला कठीण टायर लावून, ४३ व्या जागेवरून निघून, एका लयीत चालवत राहिला आणि सहा तासांहून अधिक वेळाने जिंकला. मला या खेळातला हा सर्वांत सुंदर विजय वाटतो, कारण तो निव्वळ जाणतेपणाचा होता.

पुढे १९६५ मध्ये नेड जॅरेट १४ फेऱ्यांच्या आघाडीने जिंकला, तर १९८५ मध्ये बिल इलियटने इथेच दहा लाख डॉलरचे इनाम मिळवले.

२००३ पर्यंत शर्यत कामगार दिनाच्या सुट्टीतच होई. मग ती तारीख कॅलिफोर्नियातल्या ट्रॅकला देण्यात आली, २००४ ची शर्यत नोव्हेंबरात ढकलली गेली आणि २००५ पासून काही वर्षे 'सदर्न ५००' हे नावही पुसले गेले. ग्रामदैवताच्या जत्रेची तिथी दुसऱ्या गावाला द्यावी, तसेच हे झाले. त्याचा मला अजूनही राग येतो. २००३ चा विजेता टेरी लबाँटी होता. १९८० साली त्याने कारकिर्दीतला पहिला विजय याच शर्यतीत मिळवला होता आणि हा त्याचा अखेरचा ठरला.

२०१५ मध्ये तारीख परत मिळाली, तेव्हा अनेक संघांनी आपल्या गाड्या जुन्या काळच्या रंगांत रंगवून आणल्या. २०२२ मध्ये एरिक जोन्स ४३ क्रमांकाच्या गाडीतून जिंकला. नॅस्कारचा गाजलेला चालक रिचर्ड पेटी याने १९६७ साली ही शर्यत जिंकली, तेव्हा त्याच्या गाडीवरही तोच क्रमांक होता.

पुढच्या सप्टेंबरात तू लेकीकडे येशील, तेव्हा ही सुट्टी मोकळी ठेव. आपण तळ्याकडच्या टोकाला बसू. भिंतीजवळून जाणाऱ्या गाड्या तिथून नीट दिसतात.

तुझा,
श्रीधर