विजेच्या दुचाकी आणि रिक्षांनाही आवाज हवा

संपादक महोदय,

विजेवर चालणाऱ्या मोटारी, बस आणि मालमोटारींना संथ वेगात कृत्रिम आवाज काढणारी यंत्रणा सक्तीची करण्याचा मसुदा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. आधीच कर्णकर्कश झालेल्या शहरांत आणखी आवाजाची भर कशाला, हा प्रश्न रास्त वाटतो. पण वेग वाढला की टायरचा आवाज येतोच, अडचण असते ती गर्दीतून हळू जाणाऱ्या किंवा मागे घेतल्या जाणाऱ्या गाडीची. म्हणूनच युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या विजेच्या मोटारीला ताशी २० किलोमीटरपर्यंत असा आवाज बंधनकारक आहे, आणि त्याला ७५ डेसिबलची कमाल मर्यादाही घातलेली आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. या मसुद्यात दुचाकी आणि तीनचाकी वाहने नाहीत. सोलापुरात मधला मारुती किंवा टिळक चौकाच्या गर्दीत अंगाला घासून जाते ती विजेची स्कूटर किंवा ई-रिक्षा. मोटारीला तिथे शिरायला जागा मिळेल तेव्हा ना! पाठीमागून गाडी आल्याचे कळत नाही, चालकही ऐन कोपराशी येऊन हॉर्न दाबतो आणि हातात पिशव्या घेतलेला म्हातारा माणूस दचकून नेमका रस्त्याच्या मधोमध सरकतो. इंजिनाचा गोंगाट गेला, त्याची जागा हॉर्नने घेतली, तर शहराच्या पदरात काय पडले?

पूर्व भागात तर यंत्रमागांच्या खडखडाटात उभी हयात घालवलेले असंख्य कामगार राहतात. अशा गोंगाटाने सहसा आधी वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. त्यामुळे बारीक शिट्टीसारखा आवाज त्यांच्या काय कामाचा? तो खालच्या पट्टीतला, सलग आणि वेगाबरोबर चढणारा हवा, म्हणजे गाडी जवळ येते आहे की थांबते आहे, हे अंध व्यक्तीलाही उमगेल.

दुचाकी व तीनचाकींसाठी मंत्रालयाने असाच नियम करावा. दरम्यान, शांतता क्षेत्रात विनाकारण हॉर्न वाजवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-एफनुसार पहिल्या वेळी एक हजार रुपये दंड आहे. त्याची वसुली वाहतूक पोलिसांनी निदान रुग्णालयांच्या शंभर मीटर परिसरात तरी सुरू करावी.

आपला,
एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर